मोजून दाखवा

उद्यमनगरात माझं लेथ मशीन.
दिवसभर बुश, शाफ्ट, पंपाचे सुटे भाग.
दहा मायक्रॉन इकडंतिकडं झालं
की गिऱ्हाईक माल ठेवून जातं, चहाही न घेता.

म्हणून जाहिरातीत ‘तीन नॅनोमीटर’ वाचलं
की माझा हात आपोआप खिशातल्या मायक्रोमीटरवर जातो.
काय तीन? कुठनं कुठवर तीन?
दस्तगीर बोर्ड दुरुस्त करतो राजारामपुरीत, त्याला विचारलं.
तो म्हणाला, मामा, ते माप नव्हे, ते नाव आहे,
पैलवानाला वाघ म्हणावं तसं.
बरं. मग वाघच म्हणा की.
आकडा कशाला सांगता?

रात्री शटर ओढलं की माझा दुसरा धंदा सुरू,
ज्यात पैसा फक्त जातो.
मंदाकिनी त्याला ‘तुमची तालीम’ म्हणते.
माळ्यावर सहा कॅबिनेट, त्यांतली दोन चालू.

ग्राफिक्स कार्ड आता भट्टीच्या विटेएवढं झालंय,
बोर्ड वाकतो त्याच्या वजनानं.
मी खाली टेकू दिला, पितळेचा, स्वतः टर्न केलेला.
दुकानात प्लास्टिकचा आठशेला देतात.
विकणाऱ्यालाही लाज नाही, घेणाऱ्यालाही.
रॅमला रंगीत दिवे लावलेत.
बंद डब्यात लायटिंग कुणासाठी, झुरळांसाठी?
आणि तिचा भाव हल्ली दुकानदार कानात सांगतो,
बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबावीत तसा.

मध्यंतरी एका कीबोर्डवर नवीन बटण पाहिलं, बुद्धीचं.
दाबलं.
म्हणालं, मी तुमची काय मदत करू?
म्हटलं, बाबा, ह्या मशीनचं झाकण कसं काढायचं तेवढं सांग.
त्यानं मला सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला.
पुण्याचा.

आम्ही कुंभार गल्लीत राहत होतो तेव्हाची गोष्ट,
एकोणीसच्या पुरात माझं जुनं मशीन
चार दिवस पंचगंगेच्या पाण्यात होतं.
मी एकेक स्क्रू काढला,
दात घासायच्या ब्रशनं स्लॉटमधला गाळ काढला,
प्रोसेसर धुऊन गच्चीवर वाळत घातला सांडग्यांसारखा.
अकराव्या दिवशी बटण दाबलं.
एकदाच बीप झालं.
पाणी ओसरल्यावर गल्लीत ऐकलेला
शिवी नसलेला तो पहिला आवाज.

तर माझं मत असं, की जे उघडता येत नाही
ते आपण विकत घेतलेलं नसतं,
भाड्यानं राहायला आलेलं असतं.
हे मी दस्तगीरला सांगितलं, मेहुण्याला सांगितलं,
आणि प्रणोतीला तर इतक्यांदा सांगितलं
की तिनं पहिल्या पगारात
नेमका तसलाच लॅपटॉप आणला.
रॅम बोर्डालाच डकवलेली, बॅटरी चिकटवलेली,
स्क्रू पाचकोनी.

ती झोपल्यावर मी पाचकोनी पान्हा घासून तयार केला.
उघडलं.
आत एक वायर लोंबत नव्हती.
इतकं नेटकं काम बघून
शिव्या तोंडाशी आलेल्या, तशाच राहिल्या.
पंखा शोधला. पंखाच नव्हता.
गुपचूप बंद करून ठेवलं.

परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो.
पूर्वी पंख्याच्या घरघरीवरनं कळायचं
घरात कोण जागं आहे, कितपत जोर लावतंय.
आता दाराखालनं नुसता उजेड.
हळूच विचारलं, तापलाय का गं?
म्हणाली, मांडीवर मांजर बसल्याएवढाच, बाबा.

असलं माप मला चालतं.

तिला अजून सांगितलेलं नाही,
पण माझ्या खिशात मायक्रोमीटरशेजारी
तिच्या मशीनचा एक स्क्रू आहे.
लावताना उरला.
एक पूर्णांक एकोणपन्नास मिलिमीटर.
मी मोजलाय.